रोलचा छोटा कॅमेरा घेऊन रस्त्यावर फोटो काढायचेत? मग पहिले दोन-तीन रोल असे वापरा

फोटो काढला रे काढला की नजर कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला जाते. तिथं स्क्रीन नसते, नुसतं काळं झाकण असतं. फोनवर फोटो काढायला शिकलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा रोलचा कॅमेरा आला की हे हमखास होतं. तोपर्यंत समोरचा फुगेवाला पुढं निघून गेलेला असतो.

गेल्या काही वर्षांत रोलचे जुने कॅमेरे पुन्हा बाहेर निघालेत. कुणाला आईबाबांच्या कपाटात यशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१० सापडतो, कुणी मुंबईच्या चोर बाजारातून आणतं, कुणी पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथा घालतं. इन्स्टावर त्या दाणेदार फोटोंना लाइक्सही चांगले मिळतात. पण पहिला रोल धुऊन आला की बऱ्याच जणांचं तोंड उतरतं. ३६ पैकी दहा हललेले, दहा धूसर, चार-पाचांत स्वतःचंच बोट. कधीकधी तर अख्खा रोल कोरा. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, स्कॅनिंगचे पैसे गेले आणि ज्या मिरवणुकीसाठी सगळा खटाटोप केला ती मिरवणूकही गेली. कॅमेरा परत कपाटात जातो.

यातल्या बहुतेक चुका कॅमेऱ्याच्या नसतात, हाताला सवय नसल्याच्या असतात. आणि ही सवय लावून घेता येते.

कॉम्पॅक्ट म्हणजे नक्की कोणता?

३५ मिलिमीटरचा रोल लागणारा, लेन्स बदलता न येणारा आणि खिशात मावणारा कॅमेरा, अशी सोपी व्याख्या करता येईल. पण या सगळ्या कॅमेऱ्यांचा स्वभाव सारखा नसतो.

केबी-१० सारख्या कॅमेऱ्यात फोकस कायमचा ठरवलेला असतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं. साधारण दीड मीटरच्या पुढचं बऱ्यापैकी स्पष्ट येतं, त्याच्या अलीकडचं नाही. दुसरा प्रकार ऑटोफोकसवाल्यांचा. त्यात १९९० मधला कॉन्टॅक्स टी-२, १९९६ मधला रिको जीआर-१, १९९७ चा ऑलिंपस म्यू-२ ही आज भाव खाणारी नावं येतात. तिसऱ्या प्रकारात फोकस तुम्हालाच लावावा लागतो आणि सवय होण्याच्या दृष्टीनं हाच प्रकार सगळ्यात जास्त शिकवतो. त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे ऑलिंपस एक्सए.

हा कॅमेरा १९७९ मध्ये जपानमध्ये आला. तो बनवणारे योशिहिसा मैतानी म्हणजे ऑलिंपस पेन आणि ओएम-१ या गाजलेल्या कॅमेऱ्यांमागचंही डोकं. कॅमेरा कायम खिशात राहायला हवा, त्याला वेगळं कव्हर नको आणि हरवणारं लेन्सचं झाकणही नको, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून एक्सएला सरकणारं कवच आहे. ते बाजूला केलं की कॅमेरा तयार, बंद केलं की लेन्सही सुरक्षित आणि बटणही बंद. वजन २२५ ग्रॅम, लेन्स ३५ मिलिमीटर, एफ २.८. दुसऱ्याच वर्षी त्याचा सोपा भाऊ एक्सए-२ आला. त्यात प्रकाशाचं सगळं गणित कॅमेरा करतो. फोकससाठी फक्त तीन खुणा असतात, जवळचा माणूस, माणसांचा गट आणि डोंगर.

नवीन कॅमेराच हवा असेल तर पर्याय मोजके आहेत. २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ बाजारात आला. तो अर्ध्या फ्रेमचा आहे, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो बसतात, आणि त्यातही फोकस अशाच चित्रखुणांनी लावायचा असतो.

रोल टाकण्याआधी

जुना कॅमेरा हातात आला की लगेच रोल टाकू नका. मागचं झाकण उघडा, कडेचा काळा फोम बघा. बोट लावल्यावर तो डांबरासारखा चिकटला तर प्रकाश आत शिरणार आणि फोटोंवर लालसर-केशरी पट्टे येणार. हा फोम स्वस्तात बदलून मिळतो. लेन्सवर मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकण-मुंबईच्या हवेत ही फार कॉमन भानगड आहे. एक्सएसारख्या कॅमेऱ्यांचं शटर विजेवर चालतं, त्यामुळं बटणासारखे दोन छोटे सेल नसतील तर तो अजिबात चालत नाही. बाजारात बंद म्हणून पडलेला कॅमेरा कधीकधी फक्त सेलअभावी बंद असतो.

मग दोन-तीन दिवस रिकामा कॅमेरा घेऊन फिरा. कवच उघडायचं, डोळ्याला लावायचा, बटण दाबायचं, चाक फिरवायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण बोट लेन्ससमोर जातंय का, हे याच काळात कळतं. कॅमेरा इतका छोटा असतो की डाव्या हाताची बोटं ठेवायला जागाच नसते. ती वर-खाली चिमटीत धरायची सवय करावी लागते. एक्सएचं लाल बटण तर इतकं हलकं आहे की नुसता स्पर्श झाला तरी फोटो निघतो. पहिल्या रोलवर फुटपाथचे दोन-तीन फोटो त्यामुळंच येतात.

आणि कोऱ्या रोलचं रहस्य? फिल्मचं टोक आतल्या रिळात नीट अडकलेलंच नसतं. फ्रेमचा आकडा पुढं सरकत राहतो, फिल्म मात्र जागच्या जागी. यावर उपाय एकदम सोपा आहे. हातानं रोल पुढं न्यायच्या कॅमेऱ्यात चाक फिरवताना डावीकडची रोल गुंडाळायची मूठ बघा. तीही फिरत असेल तर फिल्म सरकतेय. फिरत नसेल तर सैल असलेली फिल्म आधी अलगद ताणून घ्या आणि पुन्हा बघा. तरीही मूठ हलली नाही तर झाकण उघडून रोल पुन्हा बसवा. हे सुरुवातीलाच केलं तर नुकसान फार तर दोन फ्रेमचं होतं.

खरी मेख अंतरात आहे

एक्सएमध्ये दोन प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस लावायची सोय आहे. डोळ्यासमोर मधोमध एक फिकट पिवळा ठिपका दिसतो, लेन्सखालची छोटी कळ सरकवली की त्यातली प्रतिमा जुळते. बागेत बसलेल्या आजोबांसाठी हे ठीक. पण तुळशीबागेच्या गर्दीत ठिपका जुळवत बसलात तर समोरचं माणूस दोन दुकानं पुढं गेलेलं असतं. शिवाय चाळीस वर्षांत तो ठिपका बऱ्याच कॅमेऱ्यांत पुसट झालेला असतो.

म्हणून रस्त्यावर फोटो काढणारे उलटं करतात. फोकस आधीच एका अंतरावर लावून ठेवायचा आणि माणूस त्या अंतरात आला की बटण दाबायचं. हे जमतं ते एका साध्या नियमामुळं. लेन्सचं छिद्र जितकं लहान, तितका जास्त खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट येतो. छिद्राचा आकडा मात्र उलटा चालतो, एफ १६ म्हणजे लहान छिद्र आणि एफ २.८ म्हणजे मोठं.

आकड्यांत बघू. ३५ मिलिमीटरची लेन्स ३ मीटरवर लावली आणि छिद्र एफ ५.६ ठेवलं तर साधारण २.१ मीटरपासून ५ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ ८ ला हीच हद्द १.९ ते ७ मीटरच्या आसपास जाते. एफ ११ ला १.७ मीटरपासून थेट १५ मीटरपर्यंत. भर दुपारी एफ १६ वर तर दीड मीटरच्या पुढं फोकसचा विचारच करावा लागत नाही. उलट एफ २.८ ला अडीच ते पावणेचार मीटर एवढीच पट्टी उरते. ऑलिंपसनं एक्सएवर ३ मीटर आणि एफ ५.६ हे दोन आकडे वेगळ्या केशरी रंगात छापले होते ते यासाठीच. दोन्ही केशरीवर ठेवा आणि चालू पडा.

आता प्रश्न येतो की ३ मीटर म्हणजे डोळ्यांना किती दिसतं? इथं बहुतेकांची दांडी उडते. आपल्याला मीटरमध्ये अंतर बघायची सवय नसते. पण फुटात असते, आणि मुंबईकरांना तर फारच असते. दहा बाय दहाची खोली डोळ्यांसमोर आणा. एका भिंतीला पाठ टेकून समोरच्या भिंतीकडं बघितलं की ते अंतर बरोबर ३ मीटर. जवळच्यासाठी आपल्याकडचं जुनं माप आहे, वाव. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत होतं तेवढं, म्हणजे साधारण सहा फूट, १.८ मीटरच्या आसपास. विहिरीची खोली मोजायला वापरलं जाणारं हे माप रस्त्यावरच्या फोटोला चपखल बसतं. समोरचा माणूस एका वावेवर आहे की दहा बाय दहाच्या पलीकडच्या भिंतीवर, एवढं ओळखता आलं तरी अर्धं काम झालं.

सराव कुठंही होतो. बसची वाट बघताना समोरच्या खांबाचं अंतर मनात धरायचं आणि मग पावलांनी मोजायचं. चालताना पडणारं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं, म्हणजे चार पावलं झाली की ३ मीटर. आठवडाभर हे केलं की अंदाज अर्ध्या मीटरच्या आत येऊ लागतो, आणि दुपारच्या उजेडात तेवढी चूक लेन्स पोटात घालते.

एक्सए-२ वाल्यांना तर एवढंही करावं लागत नाही. कवच बंद केलं की फोकसची कळ आपोआप मधल्या खुणेवर येते. म्हणजे कॅमेरा खिशातून काढला की तो नेहमी माणसांच्या गटासाठी तयारच असतो. फक्त कुणी अगदी जवळ असेल तर कळ हलवायची. आणि फोटो झाल्यावर जवळच्या खुणेवरून परत आणायला विसरायचं नाही.

३ मीटरची एक अडचण मात्र राहते. ३५ मिलिमीटरच्या लेन्सनं ३ मीटरवरून उभा माणूस पायापासून डोक्यापर्यंत आरामात बसतो, अवतीभवतीचा रस्ताही येतो. फोनवर झूम करायची सवय असलेल्यांना हे फोटो सुरुवातीला रिकामे वाटतात. त्यावर एकच इलाज, पुढं व्हायचं. भीड चेपायला जेवढा वेळ लागतो तेवढा कुठलीच कळ शिकायला लागत नाही.

ऑटोफोकस आहे म्हणून सुटलात असं नाही

म्यू-२ सारख्या कॅमेऱ्यात बटण अर्धं दाबलं की फोकस ठरतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो. एका झटक्यात दाबलं तर मध्ये क्षणभर जातो आणि रस्त्यावर तेवढ्यात मान वळते. त्यामुळं अर्धं दाबून थांबायची सवय लावावी लागते. दोन माणसं शेजारी असतील तर कॅमेरा कधीकधी त्यांच्या मधून मागच्या भिंतीवर फोकस करतो. एकावर धरा, अर्धं दाबा, मग फ्रेम हलवा. हे कॅमेरे अदृश्य किरण सोडून अंतर मोजतात, त्यामुळं एसटीच्या काचेतून फोटो काढताना ते काचेवरच अडकू शकतात.

म्यू-२ ची सगळ्यात त्रासदायक खोड वेगळी आहे. तो बंद करून उघडला की फ्लॅश परत ऑटोवर येतो. प्रत्येक वेळी बंद करावा लागतो. एकदा विसरलात आणि संध्याकाळच्या शांत गल्लीत फ्लॅश उडाला की सगळी गल्ली तुमच्याकडं बघते. रिको जीआर-१ मध्ये फोकस २ मीटरवर बांधून ठेवायची स्नॅप नावाची सोय आहे, ती रस्त्यासाठीच असल्यासारखी वाटते. जपानचे दायदो मोरियामा याच मालिकेतले कॅमेरे घेऊन शहरं पालथी घालायचे. एवढे नावाजलेले फोटोग्राफर खिशातल्या कॅमेऱ्यावर भागवतात म्हटल्यावर या छोट्या कॅमेऱ्यांची किंमत का वाढली हे वेगळं सांगायला नको.

उजेडाचं गणित

सुरुवातीला आयएसओ ४०० चा कलर निगेटिव्ह किंवा ब्लॅक अँड व्हाइट रोल घ्यावा. आपल्याकडचं ऊन कडक असलं तरी गल्लीत, मंडईत, दुकानांच्या छपराखाली उजेड झपकन कमी होतो, तिथं ४०० कामाला येतो. जुना नियम असा की स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ ठेवलं तर शटरचा वेग रोलच्या आयएसओएवढा लागतो. म्हणजे ४०० च्या रोलला सेकंदाचा ४०० वा भाग. एक्सएचं शटर १/५०० च्या पुढं जात नाही, त्यामुळं उन्हात छिद्र मोठं ठेवून मागचं धूसर करायची हौस विसरा. एफ ११ किंवा १६ ठेवा, फोकसचंही काम सोपं होतं.

कलर निगेटिव्ह जास्त उजेड बराच सहन करतं, कमी उजेड मात्र सहन करत नाही. सावल्या चिखलासारख्या येतात. त्यामुळं शंका असेल तर उजेड थोडा जास्तच द्यायचा. माणसाच्या मागं आकाश किंवा समुद्र असेल तर कॅमेरा फसतो आणि माणूस काळा येतो. मरीन ड्राइव्हवरचे निम्मे फोटो याच कारणानं वाया जातात. एक्सएच्या तळाशी एक कळ आहे, ती उजेड दीड पायरीनं वाढवते. एक्सए-२ मध्ये ही सोय नाही, तिथं आयएसओची चकती तेवढ्या फोटोपुरती ४०० वरून २०० वर आणायची. आणि परत ४०० वर न्यायची, हे विसरणारेही भरपूर.

ही चूक झेलायची ताकद सगळ्या रोलमध्ये नसते. रघुबीर सिंह यांनी मुंबईसह भारतभरचे रस्ते रंगीत स्लाइड फिल्मवर टिपले. त्यांचं मुंबईवरचं 'बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया' हे पुस्तक १९९४ चं. स्लाइड फिल्मवर उजेड थोडा जरी जास्त झाला तरी पांढरा भाग कायमचा गेला. शिकताना त्या वाटेला जाऊ नये.

ऑटो कॅमेरे रोलच्या डबीवरची चंदेरी-काळी चौकटींची पट्टी वाचून आयएसओ ओळखतात. घरगुती भरलेल्या स्वस्त रोलवर ती नसेल तर बरेच कॅमेरे १०० धरून चालतात. रोल घेतानाच डबी उलटी करून बघा.

"दाखव... डिलीट कर"

हा प्रसंग येतोच. फोटो निघाला, समोरच्याचं लक्ष गेलं, तो जवळ आला आणि म्हणाला, "काय काढलं दाखव." फोन असता तर दाखवला असता, नको असेल तर समोरच पुसला असता. इथं दाखवायला काही नाही आणि पुसायलाही काही नाही. "यात दिसत नाही हो, रोल आहे" यावर पटकन विश्वास बसत नाही, कारण लोक आता असा कॅमेरा विसरलेत. वयस्कर माणसं मात्र लगेच ओळखतात, उलट खूश होऊन स्वतःच्या लग्नातल्या रोलच्या गोष्टी सांगतात.

अशा वेळी पळायचं नाही आणि कायदाही शिकवायचा नाही. कॅमेरा हातात देऊन मागची बाजू दाखवावी. हा फोटो कुठं टाकणार नाही असं सांगितलं असेल तर तो खरंच टाकू नये. रोल पुसता येत नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही, उलट ती रोल धुऊन येईपर्यंत लक्षात ठेवावी लागते. त्यासाठी फ्रेमचा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. चिडलेल्या माणसाच्या समाधानासाठी मागचं झाकण मात्र उघडू नका, त्यात त्याच्या एका फोटोबरोबर इतरांचेही फोटो जळतात. लहान मुलांच्या बाबतीत आधी आईवडिलांना विचारलेलं कधीही बरं. रेल्वे स्टेशन, मेट्रो, विमानतळ आणि लष्करी जागांचे नियम वेगळे असतात, तिथं कॅमेरा कितीही छोटा असला तरी परवानगीचा प्रश्न येतो.

छोट्या कॅमेऱ्याचा एक फायदाही इथं दिसतो. मोठी लेन्स रोखली की लोक सावध होतात, पेपरवाले आलेत का असं विचारतात. साबणाच्या वडीएवढ्या कॅमेऱ्याकडं कुणी फारसं लक्ष देत नाही.

रोल संपल्यावर

रोल पूर्ण गुंडाळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. विमानानं जाणार असाल तर रोल सामानात न देता जवळ ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा, कारण नव्या सीटी स्कॅनरमुळं न धुतलेली फिल्म खराब होऊ शकते. लॅबमध्ये देताना "निगेटिव्ह परत पाहिजे" हे आधीच स्पष्ट सांगा. फक्त स्कॅन पाठवून निगेटिव्ह टाकून देणारी दुकानंही असतात.

फोटो आल्यावर आधी चुका मोजा. हललेले किती, अंतर चुकलेले किती, अंधारे किती. पहिल्या रोलला अंतराचा आकडा सगळ्यात मोठा असतो. दुसरा रोल शक्यतो त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला वापरा, म्हणजे तुलना करता येते. आवडते फोटो निवडायची मात्र घाई नको. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य घालवलेले गॅरी विनोग्रँड मुद्दाम महिनोन्महिने थांबून रोल धुवायचे. फोटो काढतानाचा आनंद विसरला की मगच तो फोटो चांगला आहे का हे कळतं, असं त्यांचं मत होतं. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागं राहिले होते. आपल्याकडच्या दमट हवेत एवढं थांबणं परवडणारं नाही. फोटो काढलेला रोल महिन्याभरात धुऊन घ्यावा, निगेटिव्ह कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात सपाट ठेवावीत. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा, आणि महिनाभर वापरणार नसाल तर त्यातले सेल काढून.